ऑक्टोबर रेकॉर्ड्सची शेवटची टेप

ब्रॉसार्ड, २ फेब्रुवारी २०२५

दादा,

सप्रेम जयभीम.

फोनच करणार होते. पण तुझी कल्याणी म्हणाली, बाबांचे कान पूर्ण गेलेत, मशीन लावूनही फोनवरचं काही कळत नाही त्यांना. मला आधी खरंच वाटेना. वरच्या मजल्यावर कुणी चप्पल ओढत चाललं तरी रेकॉर्डिंग थांबवणारा माणूस तू! म्हणून हे पत्र. आई गेली तेव्हा, १९८८ साली, पुण्यानुमोदनाला आपण नागपुरात शेवटचे भेटलो, आणि तिथेही तू हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसलास. इकडे परतल्यावर मी ब्रॉसार्डला, तू सस्काटूनला, मध्ये अर्धा कॅनडा.

मुद्द्याचं सांगते. माझी नात केया इथे मॉन्ट्रियलला शिकते. दिवाणखान्यात तिने जुन्या रेकॉर्डचं मशीन आणून ठेवलंय. ती परवा म्हणाली, "आजी, you never told me तुझ्या भावाचं सोल म्युझिकचं label होतं! लोक वेडे आहेत त्याच्यामागे." आणि फोनवर तिने निळ्या कागदाचं ते गोल लेबल दाखवलं. ऑक्टोबर रेकॉर्ड्स. टोरांटो. माझ्या हातातला चहा सांडला.

लेबलमध्ये तुझा भागीदार झाला तेव्हा क्लाइव्हने तुला विचारलं होतं, नाव ऑक्टोबर का? तू म्हणालास, आम्ही सगळे ऑक्टोबरात जन्मलो. बिचारा पुढची दोन वर्षं चौदा ऑक्टोबरला मला हॅपी बर्थडे म्हणायचा. दीक्षाभूमीबद्दल तू त्याला नीट सांगितलंस तेव्हा कुठे त्याला उलगडलं. म्हणाला, असा एक दिवस आम्हा काळ्यांनाही हवा होता.

डफरिन स्ट्रीटच्या भाड्याच्या घराचं बेसमेंट. दिवसा तू नोकरीवर टेपरेकॉर्डर दुरुस्त करायचास, संध्याकाळी तिथे रेकॉर्डिंग. भिंतींना आपल्याच गोधड्या. मी तुला विचारलं होतं, हे सोल सोल म्हणजे काय रे? तू म्हणालास, चर्चमधलं गाणं घर सोडून बाहेर पडलं की सोल होतं. क्लाइव्ह ड्रम वाजवायचा, चाली बसवायचा आणि त्याच्या गाडीच्या डिकीत रेकॉर्ड भरून विंडसरपर्यंत जाऊन विकायचा. आणि त्याची बायको इनेझ गायची. एकाहत्तरच्या उन्हाळ्यात तिचं पहिलं गाणं रेडिओवर लागलं तेव्हा आपण चौघं गाडीत होतो, आणि क्लाइव्हने भर रस्त्यात गाडी थांबवली. मागचे लोक हॉर्न वाजवत होते आणि तू रडत होतास.

आता टोरांटोची एक कंपनी ती सगळी गाणी पुन्हा काढते आहे. इंग्लंडमधली पोरं म्हणे त्यावर नाचतात. सोबत पुस्तिका आहे. ती केयाने मला वाचून दाखवली. त्यात लिहिलंय की त्र्याहत्तरच्या एप्रिलमध्ये इनेझच्या चार नव्या गाण्यांची मूळ टेप भागीदार क्लाइव्हने परस्पर लांबवली आणि त्यामुळे लेबल बंद पडलं. खाली तुझं नाव. हे तू आत्ता, या हिवाळ्यात लिहून दिलंस.

एवढंच मागते, त्याचं नाव काढायला सांग. क्लाइव्ह जिवंत आहे, ब्रॅम्पटनला वृद्धांच्या होममध्ये असतो. कशाला त्या म्हाताऱ्याच्या मागे लागायचं? झालं गेलं. मार्चअखेर छपाईला जाणार आहे.

तब्येतीला जप. तिकडे उणे पस्तीस आहे म्हणे. दारातला बर्फ स्वतः शोव्हल करू नकोस.

ललिता

ब्रॉसार्ड, १६ फेब्रुवारी

दादा,

दोन आठवडे झाले. कल्याणी म्हणते, पत्र तुझ्या हातात दिलं, तू वाचलंस आणि खिशात घातलंस. म्हणजे मिठाची गुळणी. ती आपल्या घरात सगळ्यांना येते. मलाही चांगली येते, पन्नास वर्षं धरून बसले आहे.

मागच्या पत्रात मी "झालं गेलं" लिहिलं. लिहिताना माझी मलाच लाज वाटली. आता थुंकून टाकते.

टेप मी घेतली होती.

आपल्या घरात कोणतीही मोलाची गोष्ट आली की आधी बाबासाहेबांच्या फोटोखाली ठेवायची, ही आईची रीत. तुझी पहिली पगाराची पाकिटं, माझा पासपोर्ट, आणलेल्या नव्या साडीची घडीसुद्धा. तू टोरांटोत तीच चालवलीस. आणि त्याच फळीवर जयंतीची टेपही असायची. टेप महाग, म्हणून दरवर्षी त्याच टेपवर नवीन जयंती रेकॉर्ड करायची, मागची पुसून. इन मीन सात घरं होतो आपण, पण दरवर्षी हॉल भाड्याने घ्यायचो, वंदना व्हायची, गाणी व्हायची, आणि ती टेप मग सात घरांतून फिरायची.

त्र्याहत्तर साली चौदा एप्रिल शनिवारी आला. तू सकाळीच खुर्च्या लावायला गेला होतास. मला सांगितलंस, मशीन आणि टेप घेऊन ये. मी फोटोखाली हात घातला. एकच डबा होता. तो उचलला. तू आदल्या दिवशी इनेझची गाणी पुरी करून त्यांची टेप आईच्या रीतीने तिथे ठेवली असशील हे माझ्या ध्यानात कुठून येणार? जयंतीची जुनी टेप तू काढून कपाटातल्या इतर डब्यांत टाकली होतीस. कुठल्या गोऱ्या माणसाच्या स्टुडिओत असं घडलं असतं सांग? तिथे टेप तिजोरीत ठेवतात. आपण फोटोखाली ठेवतो, आणि बाबासाहेबांवर पहारा सोपवून मोकळे होतो.

त्या टेपवर मी गायले, दादा. हॉलमध्ये, सगळ्यांसमोर, तीन गाणी. लोकांनी पुन्हा म्हणायला लावली.

मंगळवारी क्लाइव्ह टेप न्यायला आला. ती गाणी विकत घ्यायला अमेरिकन कंपनीचा माणूस शुक्रवारी येणार होता. तुम्ही दोघांनी घर उलटंपालटं केलं. मी जिन्यात उभी होते. मग तू त्याला, त्याच्या बायकोसमोर आणि सगळ्या बँडसमोर म्हणालास, "You sold it. तू विकलीस." मी तोंड उघडायला हवं होतं. उघडलं नाही. क्लाइव्ह तुझ्याकडे बघत राहिला आणि इनेझ क्लाइव्हकडे. तिची ती नजर मी विसरू शकत नाही. महिन्याभरात ती त्याला सोडून हॅलिफॅक्सला गेली आणि गाणंही सोडलं तिने.

चूक होती, दादा. पण चूक माझी होती. कंपनीला तसं कळव. मीही कळवू शकते, पण तुझ्या सहीने गेलंय, आणि भावाला खोटं पाडून पुस्तिकेत छापून आणायचं माझ्या जिवावर येतंय. तू स्वतः दुरुस्त कर.

तुझी ललिता

ब्रॉसार्ड, २ मार्च

दादा,

अजून उत्तर नाही. बरं.

ती टेप माझ्याकडे आहे हे तुला माहीत आहे. पंचाहत्तर साली लग्न होऊन मी इकडे आले तेव्हा सामानात तूच ठेवलीस. म्हणालास, "हे तुझं आहे." मला वाटलं, जयंतीची आठवण म्हणून देतोस. घाबरून घेतली आणि बेसमेंटमध्ये हीटरच्या मागे ठेवून दिली.

एकदाच लावली होती. शहात्तर साली, घरात एकटी असताना. माझी तीन गाणी वाजली. मला वाटलं, मागच्या बाजूलाही काही असेल, म्हणून रीळ उलटं करून लावलं. आणि आतून कुणीतरी कण्हायला लागलं. जड, खोल, पुरुषासारखा आवाज. शब्द कोणत्याच भाषेतले नाहीत. मशीनची वायर उपटली मी. आपण बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली माणसं, भूत मानत नाही. पण सांगते, त्यानंतर वॉशिंग मशीन लावायला खाली गेले की मी रेडिओ मोठा करून जायची. हे विचारायचे, एवढा कशाला लावतेस? काय सांगणार! हे जाऊन सहा वर्षं झाली. आता घरात मी आणि खालचा तो आवाज. बर्फ पडून सगळं गप्प झालं की जास्तच.

परवा केयाला सगळं सांगून टाकलं. ती तिच्या फ्रेंचमध्ये म्हणाली, "से पा व्रे, शक्यच नाही, आजी! आणि तू ती heater च्या मागे ठेवलीस?" तिने टेप उचलली आणि ओळखीच्या एका तंत्रज्ञाकडे नेली. संध्याकाळी परत आली ती हळूच चालत, जिन्यात बसली, आणि फोनवर मला एक तुकडा ऐकवला.

इनेझ होती, दादा. नुसती इनेझ. बँड नाही, ड्रम नाही. श्वास घेताना नाकातून यायचा तो बारीक आवाजसुद्धा आहे. तंत्रज्ञ म्हणाला, हॉलच्या मशीनने टेपची अर्धीच रुंदी पुसली. दुसऱ्या अर्ध्यात ही तशीच राहिली. मी ऐकलं ते कण्हणं म्हणजे तिचंच गाणं, उलटं आणि निम्म्या वेगाने.

हे कळल्यावर मोकळं वाटायला हवं होतं. मी दोन दिवस जेवले नाही. कारण मागच्या पत्रात मी "चूक" लिहिलं, ते अर्धंच खरं आहे. उरलेलं आता लिहिते.

हॉलमध्ये टेप मशीनवर चढवली तेव्हा सवयीने आधी थोडी वाजवून पाहिली. पहिल्यांदा बँड वाजला, जड आणि संथ, पण क्लाइव्हचा हात मी ओळखला. कोणती टेप आहे हे मला तिथेच कळलं. वंदना संपत आली होती. माझं नाव पुकारलं. त्या आठवड्यातच मी तुला म्हटलं होतं, माझंही एक गाणं रेकॉर्ड कर ना रे, आणि तू हेडफोन न काढता म्हणाला होतास, "लली, तुझा आवाज घरातला आहे." इनेझसाठी तू रात्रीचा दिवस करायचास. मी त्या घरात स्वयंपाक करायची, गोधड्या भिंतीला शिवायची, आणि माझा आवाज घरातला.

मी लाल बटण दाबलं. आणि गायले. इतकी छान आयुष्यात कधी गायले नव्हते, आणि त्यानंतर एकदाही गायले नाही. केयाला अंगाईसुद्धा म्हटली नाही.

आता तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर त्याला कारण तरी आहे. पण पुस्तिका थांबव. खापर माझ्या डोक्यावर फोड.

ललिता

सस्काटून, १५ मार्च २०२५

ललिता,

जयभीम. तिन्ही पत्रं मिळाली. मराठी लिहायची सवय गेली आहे, सांभाळून घे.

तू टेप घेतलीस हे मला त्र्याहत्तरच्या जूनमध्येच कळलं होतं. जयंतीची टेप सात घरं फिरून परत आली, ती मी तपासायला लावली. सुरुवातीला, मूळ टेपची खूण म्हणून मी स्वतः चिकटवलेली पांढरी पट्टी होती. असं काम टोरांटोत दुसरं कुणी करत नव्हतं.  मग दुसऱ्या मशीनवर लावली. मी रेकॉर्ड करताना बँड वरच्या अर्ध्यात ठेवला होता आणि आवाज खालच्या अर्ध्यात. बँड गेला होता. इनेझ पूर्ण होती.

म्हणजे क्लाइव्हला बोलावून बँड पुन्हा वाजवून घेतला असता तर एका दिवसात रेकॉर्ड तयार झाली असती. लेबल वाचलं असतं. फक्त त्याला फोन करून सांगावं लागलं असतं की मी चुकलो.

मी फोन केला नाही. तुला वाचवण्यासाठी नाही, तसं समजू नकोस. तुझ्यावर मी रागावलोही नव्हतो. टेप बँकेत ठेव असं क्लाइव्ह मला जयंतीच्या आदल्या दिवशी म्हणाला होता. मी त्याला हसलो होतो. म्हटलं, आमच्याकडे बँकेहून मोठी जागा आहे. मग त्याच तोंडाने सगळ्यांसमोर त्याला चोर म्हटलं. ते परत घ्यायला तोंड राहिलं नाही. एक महिना गेला की कठीण होतं, एक वर्ष गेलं की फार कठीण, आणि मग माणूस त्याच्याबरोबर राहायला शिकतो. आपल्या लोकांना न पाहता न विचारता चोर म्हणणारी माणसं आपण लहानपणी पाहिली आहेत. बापाला गावात कसं बांधून ठेवलं होतं ते तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. मला आठवतं. तरी मी ते केलं.

तुला टेप दिली ती तू एक दिवस ऐकशील, समजशील, आणि मला विचारशील म्हणून. तू विचारलं नाहीस. मला वाटलं, तुलाही तसंच बरं वाटतंय. म्हणून तुझ्यासमोर यायचं टाळलं. तू दिसलीस की मला मी दिसायचो.

या हिवाळ्यात कंपनीच्या माणसाने विचारलं तेव्हा पुन्हा तेच लिहून दिलं. बावन्न वर्षं एकच उत्तर दिलं की हात आपोआप लिहितो.

तुझ्या आवाजाबद्दल बोललो होतो, तेही चूक होतं. त्या जून महिन्यात मी तुझी तीन गाणी चार वेळा ऐकली.

तुला जे करायचं ते कर. माझं नाव झाकू नकोस.

यादव

ब्रॅम्पटन, ३० मार्च २०२५

दादा,

केया गाडी चालवत असताना तुझं पत्र मी तिला मोठ्याने वाचून दाखवलं.  किंग्स्टनला कॉफी घ्यायला थांबलो तेव्हा ती म्हणाली, "You two are unbelievable."

कंपनीला मी सोमवारी लिहिलं. मी काय केलं ते, आणि तुला कधीपासून माहीत होतं ते. त्यांनी छपाई थांबवली. क्लाइव्हबद्दलचं वाक्य गेलं, त्याच्या जागी आपल्या दोघांचं आलं. पण कागदावर दुरुस्त करून भागणार नव्हतं, म्हणून काल त्याला भेटायला आले.

तो खिडकीशी व्हीलचेअरवर होता. वाळलाय. मला ओळखलं लगेच, "लली, happy birthday" म्हणाला. मार्चमध्ये. तरी मी बोलले. आधी माझं, मग तुझं.  संपल्यावर त्याने एकच विचारलं.

"इनेझला सांगितलं होतंस?"

इनेझ एक्क्याण्णव साली गेली, दादा. मी नाही म्हणून मान हलवली. तो म्हणाला की अकरा वर्षं तो दर रविवारी जुन्या बाजारात जाऊन टेपचे डबे उघडून बघायचा. सापडली असती तर ती तो तिच्या दारात नेऊन ठेवणार होता. दोनदा हॅलिफॅक्सला गेला. तिने दार उघडलं नाही.

मला पळून जावंसं वाटलं. केयाने फोन पुढे केला. तो नको म्हणेल असं वाटलं, पण त्याने घेतला आणि मांडीवर ठेवला. गाण्याच्या आधी इनेझ हसते आणि म्हणते, "Clive, count it again, baby." बँडमध्ये तो तेव्हा मोजून वाजवायला लागला असणार, पण ती बाजू माझ्या गाण्यांखाली गेली. काल तो मोजायला लागला. वन, टू, थ्री, फोर. आणि खुर्चीच्या हातावर बोटांनी वाजवायला लागला. चारही गाणी, दादा. एक ठेका चुकला नाही. कुठे थांबायचं, कुठे उचलायचं, सगळं. नर्स औषध घेऊन आली आणि दारातच उभी राहिली. चौथं गाणं संपलं तरी त्याचा हात थोडा वेळ चालूच होता.

मग त्याने फोन परत दिला आणि म्हणाला, "यादवने मला सगळ्यांसमोर चोर म्हटलं. खोलीत येऊन कानात सांगितलेलं मला नको."

इथे बाराला जेवणाचा हॉल भरतो. चाळीसेक माणसं असतात, निम्मी पंजाबी, काही जमैकन, एक गुजराती जोडपं. आज बारा वाजता मी खुर्चीला धरून उभी राहिले आणि माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं की हा माणूस चोर नाही, टेप मी पुसली, मुद्दाम पुसली, आणि बावन्न वर्षं गप्प बसले. अर्ध्यांना ऐकू येत नव्हतं. एक बाई सूप गार आहे म्हणून भांडत होती. पुढच्या टेबलवरच्या सरदारजींनी मात्र चमचा खाली ठेवला आणि मग क्लाइव्हकडे बघून हात जोडले. मी शेवटपर्यंत बोलले.

क्लाइव्हने मला माफ केलं असं म्हणणार नाही. तो तसं काही बोलला नाही आणि मी मागितलंही नाही. जेवला, टोपी घातली, आणि लिफ्टपर्यंत मला खुर्ची ढकलू दिली. दार बंद होताना म्हणाला, "यादव कधी येतो?"

केया खाली गाडी चालू करून थांबली आहे, आणि मी हे त्यांच्या रिसेप्शनवर बसून लिहिते आहे. त्याला मी म्हटलं, विचारून सांगते. तर विचारते, दादा. कधी येतोस?

ललिता